दसारामकाकाचे पाय

ज्या गोष्टीवर तुम्ही लिहिता, गाता, भिंती रंगवता, त्या गोष्टीला तुमचा हात शेवटचा कधी लागला होता?

लगेच उत्तर देऊ नका. लगेच आलेलं उत्तर मला ओळखू येतं. तसलीच उत्तरं देत मी लहानाची मोठी झाले.

परवा राजूभाऊंचा फोन आला. राजूभाऊ म्हणजे माझ्या आजोळच्या गावातल्या मंडई समितीचे अध्यक्ष. दिवाळी तोंडावर आली की आमच्या गोंदिया जिल्ह्यात मंडईचा, म्हणजे गावजत्रांचा, हंगाम लागतो. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं भरतात, मैदानात दुकानं लागतात, आणि समित्यांचे अध्यक्ष फोन फिरवू लागतात.

"मॅडम, अंदा नागपूरहून डान्स ग्रुप बोलावून राहिलो. हर गाने के पहले चार लाइन पायजे. माय, माती, शेतकरी, जो भी जमे. तुमच्यासाठी तं पाच मिनिटाचं काम हाय."

उद्या सांगते म्हणाले आणि फोन ठेवला. खिडकीबाहेर लवकर येणारा हलका धान कापून झाला होता, उशिराचा भारी धान अजून उभा होता. कापलेल्या बांधीतून, म्हणजे भातखाचरातून, ओल्या तणसाचा तो वास येत होता, गोडसर, थोडा आंबूस. एरवी या वासानं मला भूक लागते. परवा मी खिडकी लावून घेतली. कारण पाच मिनिटांचं असंच एक काम मी दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत, याच राजूभाऊंसाठी केलं होतं. त्याची शिक्षा दुसऱ्यानं भोगली, आणि मी शाल पांघरून उभी होते.

आमच्या घरात पुस्तकं कमी, पत्रकं जास्त. बाबा विडी कामगारांच्या संघटनेचं काम करायचे. आमगावच्या बाजारात, रेल्वे फाटकापाशी, तेंदूपान गोळा होतं त्या फळीवर ते पत्रकं वाटायचे आणि उरलेले गठ्ठे घरी आणायचे. पिवळा, गुलाबी, पोपटी कागद. बोटांना शाई लागायची. आई त्याच कागदांवर पापड वाळत घालायची, डब्याच्या तळाशी तोच कागद. शाळेत बाकीची मुलं 'कमळ', 'बदक' वाचायची तेव्हा मला 'धिक्कार' वाचता येत होतं. वाक्य उद्गारचिन्हानंच संपतं असं मला कितीतरी वर्षं वाटायचं.

त्या पत्रकांबद्दल माझी तक्रार नाही. बाबा एकेक पत्रक लिहायच्या आधी चार घरांत जाऊन बसायचे. विडी वळणाऱ्या बाईचा अंगठा कुठे चिरतो हे त्यांना माहीत असायचं, म्हणून त्यांच्या 'धिक्कार'ला वजन असायचं. मी मात्र घरात बसून नुसता 'धिक्कार' उचलला. अंगठा उचलायचा राहून गेला.

आणि माझ्यासारखे पुष्कळ आहेत. मी कविसंमेलनांना जाते. पंख्याखाली बसून मातीवर बोलणारी माणसं मी पाहिली आहेत. एका दुपारी 'माती' हा शब्द इतक्या वेळा ऐकला की घसा कोरडा पडला, आणि व्यासपीठावरच्या एकाच्याही नखात ती नव्हती. 'काळ्या आईची कूस' म्हणणाऱ्याला मी मधल्या सुट्टीत विचारलं, तुमच्याकडे काळी आहे की मुरमाड? तो म्हणाला, "ताई, ती भावना आहे." लोक टाळ्या वाजवतात. का वाजवतात? समोसे यायचे असतात म्हणून. खोटी ओळ आणि खोटी टाळी यांचं छान जमतं, दोघींनाही घरी लवकर जायचं असतं. याचा मला राग येतो. राग येतो असं मी मोठ्या तोंडानं लिहितेय, पण त्या व्यासपीठावरची एक खुर्ची माझीही होती.

दोन वर्षांपूर्वीचा तो हंगाम. तळ्यांतून शिंगाडे निघत होते. गल्लीगल्लीत शिंगाडे उकडल्याचा हिरवट वास. दुपारी उन्हाला धार नव्हती, सावलीत बसलं की अंगावर काटा यायचा. गावच्या समाजमंदिराच्या ओट्यावर दंडारीची तालीम चालायची आणि ढोलकीचा आवाज कापणीच्या बांधीपर्यंत जायचा. दंडार म्हणजे आमच्याकडचं भरदिवसाचं नाटक. पडदा नाही, विंग नाही. मैदानात मोकळी जागा करायची, ढोलकी, झांज, नऊ-दहा पुरुष. बाईचं सोंगही पुरुषच घेतो.

आजोळच्या दंडारीत ते सोंग दसारामकाका घ्यायचा. साठीचा, काटकुळा, स्वतःची दीड बांधी असलेला माणूस. नवरात्र बसलं की तो मिशी काढायचा आणि मंडई संपली की वाढवायचा. गावाला त्याच्या ओठावरून हंगाम कळायचा. लुगडं नेसून तो उभा राहिला की बायका म्हणायच्या, "हे बाई कोन्या घरची वो?" आणि तोंडाला पदर लावून हसायच्या.

त्याच्याबद्दल गावात एक गोष्ट सांगत. दरसाल रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत हा एक दिवस बायकांच्या रांगेत उभा राहून पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, रोवतो. सगळा दिवस. बायका छळतात, "का गा दसाराम, पदर नाई आनला काहून?" आणि हा खाली मान घालून रोवत राहतो. मी एकदा त्याला विचारलं होतं, इतक्या वर्षांनी काय शिकायचं राहिलं?

"शिकाचं नाई राहिलं, पोरी. आंग विसरते," तो म्हणाला. "सालभर मी मानूस राहतो ना, बाई नाई. हाताले आठवन देवा लागते."

मी हसले. आत कुठेतरी वाटलंही, एवढं कशाला? सोंगच तर आहे.

त्या वर्षी राजूभाऊंनी सांगितलं, दंडारीत एक नवीन गाणं पाहिजे, रोवणाऱ्या बायांवर, आमच्या गावची नात लेखिका आहे, तिच्याकडून. मी गोंदियाहून येणाऱ्या पॅसेंजरमध्ये वही काढली. गुदमा स्टेशन गेलं तेव्हा धृपद झालं होतं. आमगाव यायच्या आत गाणं संपलं. फार खूश होते मी स्वतःवर. धृपद असं होतं:

पाऊल पुढं टाक बाई, पाऊल पुढं टाक गं,
रोवत रोवत चाल पुढं, जगाला दे हाक गं.

दोन ओळींत तीनदा 'पुढं'. गाडीच्या खिडकीतून जन्मभर मी रोवणा पाहिला होता. वाकलेल्या पाठींची रांग, हिरवी-लाल लुगडी, प्लास्टिकच्या खोळी. गाडीतून त्या बायका हलतच नाहीत. आणि आमच्या घरातल्या पोपटी पत्रकावर जी बाई छापलेली असायची, ती तर हातात पऱ्ह्यांची पेंढी घेऊन सरळ माझ्याकडेच चालत यायची.

तालमीत दसारामकाकानं कागद हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरून वाचला, मग ढोलकीवाल्याला हातानं थांबवलं.

"पोरी, हे पुढं म्हंजे कोनीकडं?"

"पुढं म्हणजे पुढं, काकाजी."

"रोवनारी बाई मागं सरते."

मला माहीत नव्हतं. आमगावची मी, बाजूला धान, मागे धान, ताटात धान, आणि मला माहीत नव्हतं. त्या क्षणी 'माहीत नव्हतं' एवढं म्हणाले असते तर हा लेख लिहावा लागला नसता. मी म्हणाले, "ते प्रतीक आहे, काकाजी. प्रगतीचं."

"प्रतीक कोन्या बांधीत रोवते?"

ढोलकीवाला फिसकन हसला. माझे कान तापले. कोंडीत सापडलं की आवाज चढवायचा, हे मला कोणी शिकवायची गरज पडली नाही. मी ओट्यावर उभी राहिले. "बायकांनी किती पिढ्या मागंच जायचं? तुम्ही पुरुष, लुगडं नेसलं म्हणून तुम्हाला बाईचं कळत नाही!" असं मी म्हणाले. शब्दशः. ज्या माणसाच्या बोटांत रोवण्यात झालेल्या चिखल्यांचे व्रण होते त्याला, आणि माझी बोटं शाईशिवाय कशानं मळलेली नव्हती.

तो रागावला नाही. कागदाची घडी घालत म्हणाला, "ते मागं जात नाई, बाई. रोवलं तेवढं वाचवून राहिली. पुढं गेली तं सारं पायाखाली खुंदून टाकंन."

"मी शब्द बदलणार नाही."

"नको बदलू. शब्द तुहा हाय. तू म्हनशीन तसा म्हनीन, एकही सोडनार नाई. पन पाय माहे मागंच जातीन. त्याइले मी खोटं नाई शिकवू शकत."

मंडईचा दिवस. शिंगाड्यांचे ढीग, उसाच्या मोळ्या, जिलेबीच्या कढईवर गांधीलमाश्या, पाळण्याची करकर. समोर जमिनीवर बायका बसलेल्या. अर्ध्याजणी आदल्या दिवशीपर्यंत कापणीत होत्या, विळ्यानं कापलेल्या बोटांना चिंध्या बांधलेल्या. दुपारचे बारा. दसारामकाका मैदानात आला, लुगड्याचा काष्टा गुडघ्यापर्यंत खोचला, डाव्या हातात पेंढी धरली, वाकला, आणि तिथे चिखल झाला. कोरड्या मैदानात, धुळीत, त्याचा पाय रुतला आणि निघाला. अंगठ्यानं पऱ्हे सुटे करणं, खुपसणं, सरकणं. बायका गप्प झाल्या. आपलंच अंग समोर पाहिलं की माणूस जसा गप्प होतो, तशा.

मग गाणं आलं. तोंड म्हणालं, पाऊल पुढं टाक बाई. पाय मागे गेले. रोवत रोवत चाल पुढं. पाय मागे.

आधी एक पोरगी हसली. मग रांगच्या रांग. एक म्हातारी ओरडली, "दसाराम, तोंड कोनीकडं अन् पाय कोनीकडं गा!" आणि मैदान फुटलं. पोरं शिट्ट्या मारू लागली. तो थांबला नाही. चारही कडवी म्हणाला, प्रत्येक 'पुढं' खणखणीत, आणि प्रत्येक 'पुढं'ला एक पाऊल मागे.

राजूभाऊंनी माइक घेतला. "काकाजी की उमर हो गई, भाई! गाना एक तरफ, पाव दुसरी तरफ! आता काकाजीले आराम द्या लागते, काय पब्लिक?" पब्लिक म्हणाली, हो. आणि त्याच दमात, त्याच माइकवर, युवा लेखिका म्हणून माझं नाव पुकारलं. शाल, नारळ. मी तीन पायऱ्या चढून गेले. माइक माझ्या हातात होता. 'चूक काकाजींची नाही, माझी आहे,' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, "आजोळानं केलेला हा सत्कार मी कधीही विसरणार नाही."

शब्दांचा धंदा करणाऱ्या माणसाला लाज वाटावी असं यापेक्षा खरं वाक्य मी नंतर लिहिलेलं नाही. खरंच विसरले नाही.

खाली उतरले तेव्हा तो समाजमंदिरामागे लुगड्याची घडी घालत होता. गालावरची पावडर घामानं ओघळलेली. मला पाहून म्हणाला, "तुहे शब्द पुरे म्हनले ना मी? सोडला नाई ना एकही?"

"नाही काकाजी. छान झालं."

पुढच्या वर्षी कार्यक्रमपत्रिकेत दंडार नव्हती. 'काकाजींच्या प्रकृतीमुळे' असं राजूभाऊ सांगत फिरले. प्रकृती ठणठणीत होती. दुपारी बाराला स्पीकरवर गाणी लावून पोरं नाचली. शेजारच्या गावांनीही ऐकलं, दसाराम आता चुकतो. त्यांनीही बोलावलं नाही. एका हास्याला गावोगाव जायला वेळ लागत नाही. खऱ्याला लागतो, त्याला चालत जावं लागतं.

आणि मी त्या वर्षभरात काय केलं? कलेतल्या प्रामाणिकपणावर एक भाषण दिलं. सडक अर्जुनीच्या एका कॉलेजात, हायवेवरच्या ट्रकांच्या भोंग्यांवर आवाज चढवून. मुलांनी वह्यांत उतरवून घेतलं. घरी येऊन बाबांना सांगितलं तर ते पत्रकांचा गठ्ठा बांधता बांधता म्हणाले, "दसारामकडे जाऊन आली का?" मी नाही म्हणाले. "मग कॉलेजात कायले गेली?"

यंदा आखाडात गेले. काका बांधावर बसून पऱ्ह्यांच्या पेंढ्या मोजत होता.

"कायले आली?"

"रोवायला."

"गानं लिवाले का?"

"आधी रोवायला."

त्यानं माझ्या सलवारीकडे पाहिलं. मग म्हणाला, "वर खोच."

चिखलात उतरले आणि पहिली गोष्ट काय केली असेल? पाऊल पुढे टाकलं. टाचेखाली काहीतरी मऊ दबलं. शेजारची बाई किंचाळली, "झालं! साहेबिनीनं माहा रोवना खुंदला!" बांधीभर हशा. मला वाटलं होतं त्या हशानं मी मरेन. मेले नाही. दसारामकाकानं तो दिवस कसा काढला असेल ते मात्र टाचेतून वर चढत डोक्यापर्यंत आलं.

दुपारपर्यंत कंबर माझी राहिली नाही. पोटरीला जळू चिकटली, पाऊस कानात शिरला, बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडल्या. पण एक गोष्ट दिसली, जी गाडीतून, सडकेवरून, पत्रकावरून दिसणं शक्यच नव्हतं. मागे सरकणाऱ्या बाईच्या डोळ्यांसमोर दिवसभर तिचंच काम असतं. वाकडी गेलेली ओळ तिच्यापुढेच उभी राहते. पोकळ रोवलेलं पऱ्हं तिच्या डोळ्यांदेखत तरंगून वर येतं, आणि ती हात लांबवून ते पुन्हा खुपसते. कोणी सांगत नाही, कोणी पाहत नाही, टाळी तर नाहीच. मी आजवर जे लिहिलं ते पाठीमागे टाकत पुढे पळत आले. तरंगून वर आलेलं काही मी कधी पाहिलंच नव्हतं.

गाणं पुन्हा लिहिलं. पाच मिनिटांत झालं नाही. आखाड गेला, पोळा गेला. काकाला वाचून दाखवायचे, तो म्हणायचा, "हे आयकाले बरं हाय, पन हाताले लागत नाई." परत घरी. शेवटी एक धृपद त्यानं दोनदा म्हणवून घेतलं:

मागं मागं सरत बाई, हिरवं पुढं ठेवते.

म्हणता म्हणता त्याचा डावा हात आपोआप पेंढी धरल्यासारखा झाला. मी त्या हाताकडे पाहिलं आणि वही मिटली.

पण आता गाणं आहे आणि दंडार नाही. ढोलकीवाला कामाला रायपूरला निघून गेला आहे. मंडईला बोलावलं तर येतो म्हणाला, नुसत्या तालमीसाठी सुट्टी भेटत नाही. दंडारीतले बाकीचे बांधावर भेटले की नजर चुकवतात. काका परवा सहज बोलल्यासारखं बोलला, "सून विचारून राहिली, ते लुगडं गोधडीत टाकू का म्हन्ते. थांब म्हनलो, एवढी मंडई होऊ दे. अंदा कोनी नाई बोलावलं, तं मंग हे दंडारीतले पोट्टे काही भेटत नाई मले पुन्हा."

राजूभाऊंना दुसऱ्या दिवशी फोन केला. म्हणाले, चार ओळी मिळणार नाहीत. त्याऐवजी दंडारीला दुपारचे बारा द्या. त्या वर्षीची चूक माझी होती, मी माइकवर सांगते.

"अरे मॅडम, दो साल पुरानी बात! कोनाले याद हाय?"

"काकाजींना आहे. मला आहे."

"पब्लिकले तं डान्स पायजे ना. अन् चार लाइनचं टेंशन नका घेऊ, दुसऱ्या कोनाकडून लिवून घेतो. लिवनारे लय हायत."

आहेत. खरंच खूप आहेत. हेच तर वाईट आहे.

म्हणून आता तुम्हाला सांगते. तुमच्या गावच्या मंडईची समिती येत्या दिवसांत बसेल. तुम्ही त्या बैठकीला जा. दुपारचा बाराचा वेळ दसारामच्या दंडारीसाठी मागा, आणि बायकांना पुढच्या रांगेत जागा मागा, कारण त्याला पारखायचा हक्क त्यांचाच आहे. कोणीतरी नक्की म्हणेल, तो म्हातारा चुकतो. तेव्हा उठा, आणि सांगा की त्याचे पाय चुकले नव्हते, लिहिणारी चुकली होती आणि वर गप्प बसली होती. या लेखावर छापलेलं माझं नाव घ्या. पूर्ण घ्या. आणि तारीख ठरल्याशिवाय खाली बसू नका.